एमआरआयवर दाब दिसतोय: कधी थांबायचं, कधी सर्जनकडे पाठवायचं?

चालतेबोलते (प्रश्न)

फिजिओथेरपीला येणारे बरेच रुग्ण एमआरआयची फाइल काखेत मारूनच येतात. रिपोर्टमध्ये ‘एल४-एल५ गादी सरकली आहे, नसेवर दाब आहे’ (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी) एवढं वाचून कुणी घाबरून ऑपरेशनची तारीखच घेतलेली असते, तर कुणी पाय लुळा पडत चालला तरी ऑपरेशनचं नाव काढू देत नाही. दोघांशीही नीट बोलता यावं म्हणून विचारतोय.

१. सायटिकात (कंबरेतली नस दबून पायात उतरणारं दुखणं) किती आठवडे थांबणं सुरक्षित आहे, आणि ते कशावरून ठरवायचं?

२. थांबायचं ठरलं तर त्या काळात खरा उपयोग कशाचा होतो? गोळ्या, पट्टा, ट्रॅक्शन (कंबरेला वजनानं ताण देणं), मणक्यातलं इंजेक्शन, सगळ्यांबद्दल सांगा.

३. सत्तरीच्या पुढे चाल बिघडलेल्या रुग्णाच्या कंबरेच्या एमआरआयमध्ये स्टेनोसिस (नसांची जागा अरुंद होणं) बहुतेक वेळा सापडतोच. पण चाल त्यामुळेच बिघडली आहे कशावरून? मानेतलं किंवा डोक्यातलं कारण नजरेतून सुटू नये म्हणून काय तपासायचं?

‘डॉक्टरांना दाखवा’ एवढंच उत्तर कृपया नको. दाखवायला सांगणारच आहे. किती घाईनं आणि कुणाला, ते कळायला हवंय.

पाठराखण

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. स्पाइन सर्जरीचं काम करतो.

फिल्म बाजूला ठेवून आधी पाय तपासा. कसलाही त्रास नसलेल्या माणसांचे एमआरआय तपासणारे ३३ अभ्यास एकत्र करून २०१५ साली एक आढावा आला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत गादी फुगलेली दिसली, कुणाचंही काही दुखत नसताना. तेव्हा रिपोर्टमधल्या दाबाला पायातल्या खुणांची साक्ष लागते. दुखणं डाव्या पायात आणि दाब उजवीकडे, असं असेल तर त्या दाबावर ऑपरेशन करून काही साधत नाही.

कुठली गादी कुठली नस पकडते यात गोंधळ होतो. एल४-एल५ची गादी नेहमीच्या जागी, म्हणजे मध्यापासून थोडी बाजूला सरकली की दबते ती खाली उतरणारी एल५ नस. एल४ तिथून वरच्या वर बाहेर पडलेली असते. तीच गादी अगदी कडेच्या छिद्रात सरकली तर मात्र एल४ दबते. तपासताना:

एल५: टाचांवर दहा पावलं चालायला लावा. मग पायाचा अंगठा वर धरायला सांगून नखाजवळ आपल्या बोटानं खाली दाबा आणि दुसऱ्या पायाशी तुलना करा. सुरुवातीची कमजोरी बहुधा अंगठ्यातच सापडते, घोटा तेव्हा ठीक वाटतो. पावलाच्या वरच्या बाजूला बधिरता असते.

एस१ (एल५च्या खालची नस): एका पायाच्या चवड्यावर उभं करून टाच दहा वेळा उचलायला सांगा. पोटरी इतकी ताकदवान असते की पाऊल हातानं ढकलून तिची कमजोरी कळतच नाही. घोट्याचा रिफ्लेक्स कमी, करंगळीकडची कड बधिर.

एल४: गुडघ्याचा रिफ्लेक्स आणि मांडीची ताकद. पायरी चढताना गुडघा दगा देतो.

पाऊल लोंबत असेल तर आणखी दोन गोष्टी पाहा. कुशीवर झोपवून वरचा पाय बाजूला उचलायला सांगा, आणि पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगा. दोन्ही हालचाली भक्कम असतील तर नस कंबरेत नव्हे, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पेरोनियल नर्व्हवर दबलेली असण्याची शक्यता जास्त. पायावर पाय टाकून तासन्‌तास बसणं, प्लास्टर, झपाट्यानं घटलेलं वजन ही त्याची नेहमीची कारणं. अशा माणसाच्या एमआरआयमध्ये योगायोगानं एखादी फुगलेली गादी असते आणि नको तिथलं ऑपरेशन होतं.

आता वेळेचा हिशोब. ताकद ५ पैकी ५ असेल, किंवा ४ असून तिथेच स्थिर असेल, आणि दुखणं गोळ्यांनी सोसवत असेल, तर ६ ते १२ आठवडे थांबायला हरकत नाही. ताकद ३ किंवा त्याखाली असेल (म्हणजे पाऊल जेमतेम उचलतं, पण बोटाचाही विरोध सहन होत नाही), किंवा कालच्यापेक्षा आज कमी असेल, तर एक-दोन दिवसांत सर्जनपर्यंत पोचायला हवं. आणि लघवी-संडासची तक्रार असेल तर त्याच तासाला.

थांबण्यामागे शरीराचं एक काम आहे. गादीतून पूर्ण सुटून बाहेर पडलेला तुकडा शरीराला परका वाटतो. त्याभोवती नव्या रक्तवाहिन्या वाढतात आणि मॅक्रोफेज पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. त्यामुळे फिल्मवर भीतिदायक दिसणारा मोठा सुटा तुकडा हा नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा विरघळण्याची शक्यता जास्त. रुग्णाला हे नक्की सांगा. रिपोर्टमधला ‘मोठा’ हा शब्द त्याच्या डोक्यातून जात नसतो.

नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेली, २००७ साली प्रसिद्ध झालेली चाचणी इथे उपयोगी पडते. ६ ते १२ आठवडे सायटिका असलेल्यांपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना थांबवून उपचार. वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक आपण बरे झालो असं सांगत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावं लागलं, आणि लवकर ऑपरेशन झालेल्यांच्या पायाचं दुखणं आधी थांबलं. म्हणजे ज्याची ताकद शाबूत आहे त्याच्यासाठी हे ऑपरेशन मुख्यतः दुखण्याचे महिने कमी करतं. पाऊल उचलताच न येणारे आणि लघवी अडकलेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते. तिचा दाखला देऊन अशा रुग्णाला थांबवू नका.

थांबण्यालाही सीमा आहे. चार ते बारा महिने सायटिका टिकलेल्या रुग्णांवरची कॅनडातली चाचणी २०२० साली आली. त्यात सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांच्या पायाचं दुखणं स्पष्टपणे कमी होतं. तीन महिने नीट उपचार होऊनही पाय दुखतच असेल तर ‘अजून बघू’ म्हणत वर्ष काढू नये.

लघवीबद्दल रुग्ण आपणहून बोलत नाही. थेट विचारा: लघवी लागल्याचं कळतं का? जोर करावा लागतो का? धार सुरू झाल्याचं जाणवतं का? धुताना-पुसताना तिथली कातडी बधिर लागते का? शरीरसंबंधात काही बदललंय का? सायटिका दोन्ही पायांत सुरू झाली असेल तर हे प्रश्न दर भेटीला. लघवी करून आल्यावर मूत्राशयाचं स्कॅन करून २०० मिलीपेक्षा जास्त उरलेली दिसली तर तो कॉडा इक्वायना (कंबरेतला नसांचा जुडगाच दबणं) समजूनच त्याच दिवशी एमआरआय. सगळ्यात फसवं चित्र म्हणजे आधी अडकलेली लघवी नंतर आपोआप थेंब थेंब गळू लागते. घरच्यांना वाटतं, सुटली एकदाची. खरं तर मूत्राशय तुडुंब भरून ओसंडत असतं.

शेवटचं. मायक्रोडिसेक्टॉमी (नस दाबणारा गादीचा तुकडा काढण्याचं ऑपरेशन) ही पायाच्या दुखण्यासाठी आहे. फक्त कंबर दुखते म्हणून ती करून घेणारा माणूस बहुधा निराश होतो.

सुईदोरा

दुसऱ्या प्रश्नावर. पेन क्लिनिकमध्ये हेच रोजचं काम आहे.

अंथरूण: फार तर दोन दिवस. त्यापुढे पडून राहिल्यानं स्नायू ओसरतात आणि गादीला फायदा काहीच होत नाही. दुखणं तीव्र असताना पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर किंवा स्टुलावर ठेवायच्या, खुबा आणि गुडघा दोन्ही काटकोनात. नसेवरचा ताण कमी होतो.

गोळ्या: मूत्रपिंड, जठर आणि रक्तदाब ठीक असेल तर नेप्रोक्सेनसारखी दाहशामक गोळी, कमीत कमी दिवस. प्रेगॅबालिन सरसकट लिहिलं जातं, पण सायटिकात ते प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) सरस ठरलं नाही. २०१७ सालच्या चाचणीत चक्कर मात्र जास्त आली. म्हाताऱ्या माणसाला ते चालू असेल आणि तो धडपडत असेल, तर मणक्याला दोष देण्याआधी गोळी बघा. बंद करताना एकदम नको, निदान आठवडाभर उतरवत. तोंडानं घेतलेल्या प्रेडनिसोलोनच्या १५ दिवसांच्या कोर्सनं हालचाल थोडी सुधारते, दुखण्यात फरक पडत नाही. मधुमेह्याची साखर चढते.

पट्टा प्रवासापुरता. ट्रॅक्शनचा सायटिकात ठोस फायदा दिसलेला नाही. रुग्णाला बरं वाटतंय म्हणून कुणी लावत असेल तर माझं भांडण नाही, पण ट्रॅक्शनच्या नादात रोजचं चालणं आणि व्यायाम राहून जातो, ते नुकसान खरं.

व्यायामात एक गोष्ट काटेकोर पाळा. पालथं झोपून छाती उचलण्याची हालचाल दहा वेळा करून घ्या आणि दुखणं कुठं जातं ते विचारा. पोटरीतलं दुखणं वर सरकत ढुंगणात-कंबरेत आलं तर ती दिशा बरोबर, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. उलट ते पावलाकडे उतरू लागलं तर तिथेच थांबायचं.

इंजेक्शन: नस ज्या छिद्रातून बाहेर पडते तिथे सी-आर्मखाली (चालू एक्स-रेत पाहत) सुई नेऊन आधी डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडायची, ती नसेच्या कडेनं पसरताना दिसली आणि रक्तवाहिनीत गेली नाही हे पाहून मगच स्टेरॉइड. आराम काही आठवड्यांचा मिळतो. तेवढ्या काळात शरीर तुकडा विरघळवत असतं, म्हणून या इंजेक्शनाकडे मधला पूल म्हणून पाहावं. डाय न वापरता ‘अंदाजानं’ दिलेलं इंजेक्शन टाळाच. ट्रायमसिनोलोनसारखी कणयुक्त स्टेरॉइडं धमनीत गेली तर कण अडकून मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मानेत याच कारणानं डेक्सामेथासोनसारखं कण नसलेलं औषध वापरतात. रक्त पातळ करणारं क्लोपिडोग्रेल साधारण ७ दिवस आधी थांबवावं लागतं. हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय कुणीही परस्पर थांबवू नये. मधुमेह्याला पुढचे काही दिवस साखर घरी तपासायला सांगा.

अंगठ्याची ताकद घटत असताना इंजेक्शन देऊन आठवडे काढणं ही चूक वारंवार होते. दुखणं दबतं, नस दबलेलीच राहते.

मानदंड

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण कंबरेच्या बाबतीत थांबणं हा उपचार ठरतो, पण मानेत मज्जारज्जू दबत असेल तर थांबण्यात जे गमावतो ते बहुतेकदा परत मिळत नाही. न्यूरो-रिहॅबच्या बाजूनं लिहितो.

या सर्व्हायकल मायलोपॅथीत, म्हणजे मानेत मज्जारज्जू दबण्याच्या आजारात, मान दुखतेच असं नाही. बऱ्याचदा मुळीच दुखत नाही, म्हणून कुणाचं मानेकडे लक्ष जात नाही. हातांबद्दल विचारा: सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो का? खिशातली नाणी न बघता ओळखता येतात का? सही बदलली का? मग पायांबद्दल: चालताना पायातून चप्पल निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळतं का? अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का?

तपासणीला पाच मिनिटं पुरतात. हात समोर धरून मूठ जास्तीत जास्त वेगानं उघड-मीट करायला सांगा, १० सेकंद मोजा. २० पेक्षा कमी झाल्या तर संशय घ्या, आणि उघडताना मनगट वाकवून बोटं सोडवण्याची धडपड दिसते का पाहा. मधल्या बोटाचं टोक खाली झटकून सोडा. अंगठा आत वळला तर हॉफमन पॉझिटिव्ह, म्हणजे मज्जारज्जू दबल्याचा संशय. एका पावलापुढे दुसरं लावून सरळ रेषेत चालवा. गुडघ्याचे रिफ्लेक्स आणि बॅबिन्स्की (तळव्यावर ओरखडा ओढल्यावर अंगठा वर जातो का) तपासा.

मुख्य खूणगाठ अशी की कंबरेच्या स्टेनोसिसमध्ये पायांचे रिफ्लेक्स कमी होतात किंवा जातात. ‘कंबरेचा स्टेनोसिस’ म्हणून आलेल्या माणसाचा गुडघा हातोडीच्या हलक्या स्पर्शानं उसळत असेल तर मानेचा एमआरआय हवाच. एक चकवा लक्षात ठेवा: मान आणि कंबर दोन्हीकडे दाब असेल तर कंबरेतला दाब पायांचे वाढलेले रिफ्लेक्स झाकून टाकतो. मग पुरावा हातांतच मिळतो. म्हणून कंबरेच्या प्रत्येक वयस्क रुग्णाचे हात तपासायचे.

दोन्हीकडे दाब असेल तर सहसा मान आधी. केवळ गांभीर्यामुळेच नव्हे, कंबरेच्या ऑपरेशनसाठी भूल देताना नळी घालायला मान मागे वाकवतात आणि मग रुग्णाला पालथं ठेवतात. आधीच चिमटीत सापडलेल्या मज्जारज्जूला तेवढंही जड जाऊ शकतं. मानेचं निदान राहून गेलेला माणूस कंबरेच्या ऑपरेशनातून हातपाय कमजोर होऊन उठणं हा टाळता येणारा अपघात आहे.

तीव्रता एमजेओए (मायलोपॅथीचं गुणपत्रक) गुणांवर मोजतात, एकूण १८: १५ ते १७ सौम्य, १२ ते १४ मध्यम, ११ किंवा कमी तीव्र. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मध्यम आणि तीव्र गटाला ऑपरेशन. सौम्य गटाला ऑपरेशन किंवा देखरेखीखाली नियमित रिहॅब, पण घसरण दिसली की ऑपरेशन. ही ‘देखरेख’ शब्दापुरती नको: दर वेळी तेच गुण, तीच १० सेकंदांची मूठ, तेच १० मीटर चालणं, तारखेसह लिहून. मानेला झटका देणं, मानेचं ट्रॅक्शन, मालिश करताना मान मोडणं हे सगळं अशा रुग्णाला बंद. कॉलर हा उपचार नाही.

रुग्णाला ऑपरेशनचा उद्देश आधी समजावून सांगायला हवा. घसरण थांबवणं हे पहिलं काम. सुधारणा झाली तर बहुतेक पहिल्या सहा महिने ते वर्षात. एक-दोन पातळ्यांवर पुढून दाब असेल तर गळ्याच्या पुढच्या बाजूनं गादी काढून मणके जोडतात. तीन किंवा जास्त पातळ्या असतील आणि मानेचा नैसर्गिक बाक टिकून असेल तर मागून लॅमिनोप्लास्टी किंवा लॅमिनेक्टॉमी (मणक्याची मागची कमान उघडणं किंवा काढणं). मान पुढे झुकून उलटी वळलेली असेल तर नुसतं मागून उघडून फायदा नाही, मज्जारज्जू पुढच्या हाडावर ताणलेलाच राहतो.

ऑपरेशननंतर वॉर्डात दोन गोष्टी बघा. गळ्याच्या बाजूनं ऑपरेशन झालेल्याला पहिल्या दिवसात गळा सुजून घट्ट झाला, आवाज बदलला, आडवं झोपवेना, तर आत रक्त साचून श्वासनलिका दबतेय. स्कॅनला नेण्यात वेळ घालवायचा नाही, खाटेवरच टाके उघडायला डॉक्टरला बोलवा. दुसरी, काही दिवसांनी खांदा वर उचलेनासा होणं: सी५ पाल्सी. साधारण २० रुग्णांत एकाला होते, बहुतेकांची काही महिन्यांत भरून येते. तोवर खांदा आखडू न देणं आपल्या हातात.

पाठराखण

मानदंड यांच्या एका मुद्द्यावर थोडं वेगळं मत. सौम्य मायलोपॅथी, पण एमआरआयमध्ये मज्जारज्जूत पांढरा डाग आणि चालीत फरक असेल तर मी थांबण्याच्या बाजूनं नसतो. गुण १६ आहेत म्हणून सहा महिन्यांनी या म्हटलं आणि मधे माणूस घसरून पडला, तर एका पडण्यात हातपाय जाऊ शकतात.

आणि खऱ्या कंबरेच्या स्टेनोसिसबद्दल दोन ओळी, कारण ते राहिलं. चालताना पाय भरून येतात, जड होतात. बसलं किंवा पुढे वाकलं की काही मिनिटांत मोकळे. सायकल चालवताना त्रास नाही, कारण कंबर पुढे वाकलेली असते. नुसतं उभं राहूनच बरं वाटत असेल तर पायाच्या धमन्या तपासा, पावलावरची नाडी हाताला लागते का पाहा. इथे घाई नसते. पुढे वाकण्याचे व्यायाम आणि सायकल काही महिने करून पाहायला जागा आहे. ऑपरेशन ठरलं आणि सोबत स्क्रू-रॉड सुचवले असतील तर कारण विचारायला रुग्णाला सांगा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या २४७ रुग्णांच्या चाचणीत जागा मोकळी करण्याबरोबर मणके जोडल्यानं दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनीही जास्त फायदा दिसला नाही, मणका थोडा पुढे सरकलेल्यांतसुद्धा. वाकवून काढलेल्या एक्स-रेत मणका हलतोय, कणा वाकडा होत चाललाय, असं कारण असेल तर गोष्ट वेगळी.

शिरस्ता

डोक्याचा भाग घेतो. न्यूरोसर्जन.

चाल बिघडलेल्या म्हाताऱ्या माणसात दोन आजार सुटतात आणि दोन्हींवर उपचार आहेत.

एक, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांत जास्तीचं पाणी साठणं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, दोन पायांत अंतर जास्त, पावलं आखूड, वळायला सहा-सात पावलं लागतात. पार्किन्सनशी साम्य असतं, पण हात मोकळे हलतात. मग लघवीची घाई, मग मंदपणा आणि विसराळूपणा. बहुतेकदा चाल आधी बिघडते. स्कॅनमध्ये मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या, इव्हान्स इंडेक्स (पोकळीच्या रुंदीचं कवटीच्या रुंदीशी प्रमाण) ०.३ च्या वर. पण वयानं मेंदू आकसला तरी पोकळ्या मोठ्या दिसतात, म्हणून पुढची पायरी टॅप टेस्ट: कंबरेतून ३० ते ५० मिली पाणी काढून चाल सुधारते का पाहणं.

ही चाचणी वाया जाते ती मोजमापाअभावी. ‘बरं वाटतंय का’ विचारून निर्णय होऊ नये. पाणी काढण्याआधी १० मीटर चालायला लागलेले सेकंद आणि पावलं, खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत बसायचा वेळ, आणि पूर्ण गोल वळायला लागलेली पावलं, दोनदा मोजून सरासरी लिहा. व्हिडिओ काढा. तेच सगळं ३-४ तासांनी आणि दुसऱ्या दिवशी, त्याच जागी, त्याच पादत्राणात. हे काम फिजिओनंच करावं. फरक पडला नाही म्हणून आजार नाही असंही नाही. संशय दाट असेल तर कंबरेत नळी ठेवून दोन-तीन दिवस पाणी काढून पुन्हा मोजतात.

शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी पोटात सोडणारी नळी) बसल्यावर: उभं राहिलं की डोकं दुखतं आणि झोपलं की थांबतं, म्हणजे पाणी जास्त निचरतंय, कवटीखाली रक्त साचायच्या आत व्हॉल्व्हचा (नळीतल्या झडपेचा) आकडा वर करायला पाठवा. चाल पुन्हा पहिल्यासारखी झाली तर शंट अडकला का पाहा. ताप, पोटात दुखणं, नळीच्या वाटेवर लाली असेल तर जंतुसंसर्ग. प्रोग्रॅमेबल व्हॉल्व्हच्या काही प्रकारांत एमआरआयच्या चुंबकानं आकडा बदलतो. एमआरआय कुठल्याही कारणानं झाला तरी नंतर व्हॉल्व्ह तपासून घ्यायचा.

दोन, क्रॉनिक सबड्युरल, म्हणजे कवटीखाली मेंदूवर हळूहळू साचलेलं रक्त. किरकोळ पडणं, तेही तीन आठवडे ते दोन-तीन महिन्यांपूर्वीचं; अनेकांना आठवतही नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू. एक पाय घासटतो, डोकं दुखतं, बोलणं आज ठीक तर उद्या गोंधळलेलं. अशाची कंबर तपासत बसू नका, त्याच दिवशी डोक्याचा सीटी. पातळ थर आणि लक्षण काही नाही, तर ठरावीक दिवसांनी सीटी करून नजर ठेवता येते. लक्षणं असतील तर कवटीला एक-दोन भोकं पाडून सलाइननं धुऊन आत नळी ठेवतात, साधारण ४८ तास. या नळीचं महत्त्व २००९ च्या ब्रिटिश चाचणीत स्पष्ट झालं: नळीशिवाय २४ टक्क्यांचं रक्त पुन्हा काढावं लागलं, नळीसह ९.३ टक्के. ‘ऑपरेशनऐवजी स्टेरॉइड’ हा मार्ग आकर्षक वाटतो. पण २०२० च्या चाचणीत, जिथे बहुतेकांचं ऑपरेशनही झालं होतं, डेक्सामेथासोन घेतलेल्यांत पुन्हा ऑपरेशनची वेळ कमी आली, तरी सहा महिन्यांनी प्रकृती चांगली असणारे कमी निघाले. म्हणून ते सरसकट देत नाहीत. मधल्या मेनिंजियल धमनीत कॅथेटरनं पदार्थ सोडून ती बंद करणं ही नवी भर. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑपरेशनच्या जोडीला ते केल्यावर पुन्हा ऑपरेशनची गरज ११.३ वरून ४.१ टक्क्यांवर आली.

डोकं, मान, कंबर सगळं ठीक निघालं आणि घोट्याला ट्यूनिंग फोर्क जाणवत नाही, तर बी१२ तपासल्याशिवाय फाइल बंद करू नका.

चालतेबोलते

सगळ्यांचे मनापासून आभार. टॅप टेस्टचं मोजमाप उद्यापासूनच छापील तक्त्यात घेतो. दोन शंका उरल्या.

मायक्रोडिसेक्टॉमीनंतर आमच्याकडे येणाऱ्यांत नेमकं काय पाहायचं? आणि सायटिकानं हैराण रुग्ण एक दिवस हसत येतो, दुखणं एकदम गेलं म्हणतो. त्याचा व्यायाम वाढवायचा का?

पाठराखण

चालणं ऑपरेशनच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू. सुरुवातीला एका बैठकीत २०-३० मिनिटं. पहिले चार-सहा आठवडे वाकून-वळून जड उचलायचं नाही असं आम्ही सांगतो. कडक बंधनांनी गादी पुन्हा सरकणं टळतं याला भक्कम पुरावा मात्र नाही, त्यामुळे रुग्णाला घाबरवून खाटेला खिळवू नका.

धोक्याच्या खुणा वेळेनुसार वेगळ्या. पहिल्या काही तासांत पाय नव्यानं कमजोर होतोय किंवा लघवी अडकली, तर आत रक्त साचलंय, त्याच तासाला सर्जन. पहिल्या आठवड्यात पट्टी पाण्यासारखी ओली आणि उठून बसलं की डोकं दुखतं, तर मज्जारज्जूभोवतालचं पाणी गळतंय. पाय बरा होता आणि दोन ते चार आठवड्यांनी कंबरेत भयंकर चमक, कुशीवर वळताना ओरडायला होतं, जखम वरून स्वच्छ: गादीतला जंतुसंसर्ग. सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) करा. दोन आठवड्यांनी तो खाली आलेला हवा, चढता असेल तर एमआरआय. काही महिने पाय चांगला राहून तेच जुनं दुखणं आलं तर गादी पुन्हा सरकलीय का पाहायचं. अशा वेळीही ताकद ठीक असेल तर पुन्हा सहा आठवडे थांबता येतं.

दुसऱ्या शंकेबद्दल. व्यायाम वाढवण्याआधी त्याला टाचांवर चालवा आणि अंगठा दाबून बघा. ताकद पूर्वीइतकी किंवा जास्त असेल तर तुकडा आकसतोय, खुशाल वाढवा. पण दुखणं गेलं आणि त्याच दोन-चार दिवसांत पाऊल जमिनीवर आपटायला लागलं असेल, तर नस इतकी दबलीय की तिनं दुखण्याचा निरोप देणंही सोडलंय. तो रुग्ण खूश असतो, घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात. तरी त्याला त्याच दिवशी पाठवा. सोबतच्या चिठ्ठीत ताकद ५ पैकी किती आणि कुठल्या तारखेपासून घटली ते लिहा, आणि घोटा काटकोनात धरणारी फुट-ड्रॉपची पट्टी तिथूनच बांधून द्या, म्हणजे वाटेत अडखळून पडणार नाही.